डीईएच्या फॉर्मवरचे हो-नाहीचे प्रश्न: नर्स प्रॅक्टिशनर ताई-दादांसाठी

आमच्या न्यू जर्सीतल्या छोट्या ऑफिसात फोन आला की पहिला प्रश्न फीचा असतो, तर ते आधीच सांगून टाकतो, डीईए म्हणजे कंट्रोल्ड औषधांवर (व्यसन लागू शकतं म्हणून कायद्याने नियंत्रित असलेल्या औषधांवर) लक्ष ठेवणारी अमेरिकेची केंद्रीय यंत्रणा, ती औषधं लिहून द्यायची तर तिचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याची फी ८८८ डॉलर, मुदत तीन वर्षांची, आणि भरलेले पैसे अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाहीत. म्हणूनच सबमिट दाबायच्या आधी हे पत्रक एकदा नीट वाचा.

क्रम आधी राज्याचा. इथे न्यू जर्सीत लायसन्स झालं की राज्याचं सीडीएस (कंट्रोल्ड औषधांचं) रजिस्ट्रेशन काढायचं आणि मग डीईएचा फॉर्म २२४, कारण राज्याने दिली नाही ती परवानगी डीईए देत नाही. कुठल्या शेड्यूलची (व्यसनाच्या धोक्यानुसार पाडलेल्या गटाची) औषधं लिहिता येतील हेही राज्यच ठरवतं, टेक्सासमध्ये नर्स प्रॅक्टिशनरला (औषधं लिहून देऊ शकणाऱ्या जास्त शिकलेल्या नर्सला) शेड्यूल दोनची औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिसपुरतीच (शेवटच्या आजारातल्या सेवेपुरतीच) लिहिता येतात, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणीचा फॉर्म बघून आपला भरू नका.

आता खरा मुद्दा. फॉर्मवर हो-नाहीचे थोडेच प्रश्न आहेत पण सगळं तिथेच अडतं. कंट्रोल्ड औषधांशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा झालीय का किंवा मेडिकेअरमधून (सरकारी आरोग्य विम्यातून) बाहेर काढलंय का, डीईएचं रजिस्ट्रेशन कधी रद्द, सस्पेंड किंवा नाकारलं गेलंय का, आणि राज्याचं प्रोफेशनल लायसन्स कधी रद्द, सस्पेंड, नाकारलेलं, मर्यादित किंवा प्रोबेशनवर (ठराविक काळ देखरेखीखाली) होतं का, एखाद्या कारणावरून ते परत करावं लागलं होतं का. या सगळ्यात "कधीही" हा शब्द आहे. पाच वर्षं झाली, दहा झाली, राज्य बदललं, याने काही फरक पडत नाही, आणि चालू असलेली कारवाईसुद्धा सांगावीच लागते.

एक ताई आल्या होत्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. आरएन (रजिस्टर्ड नर्स) असताना दुसऱ्या एका राज्यात चार्टिंगच्या (रुग्णाच्या नोंदींच्या) चुकीवरून तिथल्या नर्सिंग बोर्डाने वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं होतं, ते पूर्ण केलं, लायसन्स क्लिअर झालं, आणि ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की आता ते मिटलं, बिनधास्त नाही टाक. माउस "नाही"वर होता. आम्ही म्हटलं थांबा, बोर्डाचं ते पत्र आहे का? प्लास्टिकच्या फोल्डरमधून तीन घड्या घातलेला कागद निघाला आणि त्यावर स्पष्ट लिहिलेलं, प्रोबेशन. मग "हो" टाकलं आणि खाली फॉर्म मागतो तेवढंच लिहिलं: तारीख, ठिकाण, काय घडलं, शेवट काय झाला. चारच ओळी, रडगाणं नाही की कुणावर ढकलणं नाही. नंतर चौकशीचा फोन आला, कागद मागितले, वाट बघावी लागली, पण डीईएचा नंबर मिळाला.

"नाही" टाकलं असतं तर? खोटी माहिती एवढ्या एका कारणावरून डीईए अर्ज नाकारू शकते, दिलेलं रजिस्ट्रेशनही काढून घेऊ शकते, आणि जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ते फॉर्मवरच छापलंय. बोर्डाच्या कारवाया नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत नोंदल्या जातात, तिथे स्वतःची माहिती स्वतः मागवता येते, मनात जराही शंका असेल तर आधी ती मागवा.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसबद्दल खूप जण हळू आवाजात विचारतात. विचारा, त्यात लाजायचं काही नाही. नुसती दारू कंट्रोल्ड सबस्टन्समध्ये येत नाही त्यामुळे डीईएच्या गुन्ह्याच्या प्रश्नात ती केस बसत नाही, पण राज्याच्या फॉर्मवर प्रश्न जास्त मोठा असू शकतो आणि त्या केसमुळे बोर्डाने लायसन्सवर काही कारवाई केली असेल तर ती डीईएलाही सांगायचीच. राज्य सोडलं म्हणून जुनं लायसन्स रिन्यू केलं नाही, ते आपोआप संपलं, ही गोष्ट वेगळी, ते कारवाईखाली परत केलेलं धरत नाहीत. कोर्टाने रेकॉर्ड पुसलंय अशी केस असेल तर मात्र स्वतः ठरवू नका, आम्हीही ठरवत नाही, आम्ही वकील नाही, लायसन्सची कामं करणाऱ्या वकिलाला अर्जाच्या आधी दाखवा.

बाकीचं सोपं आहे. २७ जून २०२३ पासून व्यसनाच्या आजारांवरचं ८ तासांचं ट्रेनिंग लागतं, एकदाच, फॉर्मवर फक्त टिक करायचं पण सर्टिफिकेट जपून ठेवा. पत्ता तुम्ही जिथे काम करणार तिथला, पोस्ट बॉक्स चालत नाही. दुसऱ्या राज्यातही कंट्रोल्ड औषधं लिहिणार असाल तर तिथलं रजिस्ट्रेशन वेगळं.

तीन वर्षांनी रिन्यूअलला हेच प्रश्न परत येतात, मधल्या काळात काही घडलं असेल तर उत्तर बदलतं, म्हणून पहिल्या अर्जाची आणि त्यातल्या खुलाशाची प्रिंट काढून ठेवा. आमच्याकडे येताना बोर्डाची, कोर्टाची असतील ती सगळी पत्रं आणा, पिवळी पडलेली असली तरी चालतील.