डीप-स्काय खगोलछायाचित्रण (हौशी)

सूर्यमालेपलीकडचे तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची छायाचित्रे घरच्या दुर्बिणीला डिजिटल कॅमेरा जोडून टिपण्याचा छंद. यातल्या बऱ्याच गोष्टी मंद असल्या तरी लहान नसतात. देवयानी दीर्घिका आकाशात पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट लांब पसरली आहे. म्हणून इथे दुर्बीण किती पट मोठे दाखवते याला फारसे महत्त्व नाही. प्रकाश किती वेळ साठवता येतो, हे महत्त्वाचे. डोळ्याला तो तासन्‌तास साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो.

या तंत्राच्या पायाभरणीत हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा आहे. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली असलेल्या तेजोमेघाचे (मेसिएच्या यादीतला ४२ वा, म्हणून एम ४२) पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. त्याला ५१ मिनिटे लागली. पेशाने अभियंता असलेल्या अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंगला, घराच्या बागेतल्या ३६ इंची परावर्ती दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे चित्र घेतले. दुर्बिणीतून पाहूनही डोळ्याला न दिसणारे तारे त्या छायाचित्राच्या काचेवर उमटले होते.

साहित्यात सर्वांत मोलाचा भाग म्हणजे दुर्बिणीखालचा माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारा आणि फिरवणारा आधार. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातल्या विषुववृत्ताजवळचे तारे दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. ५०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि सुमारे ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर तारा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास एक पिक्सेल ओलांडतो. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावला की एकच मोटर ही गती भरून काढते. त्यासाठी ध्रुवताऱ्याचा आधार घेतात, मात्र तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर असल्याने तेवढी दुरुस्ती करावी लागते. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो आणि उत्तरेला इमारत असेल तर दिसतही नाही. उरलेली चूक दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून सुधारतात. याला गायडिंग म्हणतात. नवशिक्याने खर्च करायचा तर आधी माउंटवर करावा. डगमगत्या माउंटवर उत्तम दुर्बीणही वाया जाते.

एकच लांब एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) न घेता काही मिनिटांच्या अनेक फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकत्र करतात. हे स्टॅकिंग. शंभर फ्रेम जोडल्या की संकेत (खरा प्रकाश) आणि गोंगाट (चित्रातले नको असलेले ठिपके) यांचे गुणोत्तर सुमारे दहापट सुधारते. त्यांच्या जोडीला झाकण लावून घेतलेल्या डार्क फ्रेम आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्लॅट फ्रेम लागतात. फ्लॅटसाठी पुष्कळजण दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बसवतात आणि ती संधिप्रकाशातल्या आकाशाकडे वळवतात. सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळे अशा फ्रेमनेच पुसली जातात. एम ४२ चा गाभा इतका तेजस्वी आहे की लांब फ्रेममध्ये तो पांढराफटक होतो. त्यामुळे गाभ्यासाठी काही सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन जोडाव्या लागतात.

तेजोमेघांचा लाल रंग मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर प्रकाशाचा असतो. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, म्हणून काहीजण तो काढून घेतात.

अंधाऱ्या आकाशाला पर्याय नाही. महाराष्ट्रात पावसाळा वगळावा लागतो आणि हिवाळ्यात काचेवर दव धरते, म्हणून तिच्याभोवती गरम पट्टा गुंडाळतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला. भारतातला तो पहिलाच.

घरच्या दुर्बिणींनी विज्ञानातही भर घातली आहे. २००४ मध्ये जे मॅकनील यांना केंटकीतल्या आपल्या अंगणातून, तीन इंची दुर्बिणीने, मृगातल्या एम ७८ जवळ नव्याने उजळलेला एक छोटा तेजोमेघ सापडला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड मंद कमान आहे, हेही हौशी छायाचित्रकारांनीच शंभराहून अधिक तासांच्या एक्स्पोजरमधून दाखवून दिले. २०२३ च्या जानेवारीत तो शोध जाहीर झाला.