कासुमिगाउरा आणि त्सुचिउरा: एकाच तळ्याकाठचे दोन तळ

जपानी नौदलाच्या वैमानिकांबद्दल वाचताना ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. नौदलाचे हे दोन्ही हवाई तळ टोक्योच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतात, कासुमिगाउरा तळ्याकाठी, आमी गावात होते. पण विमान उडवायला शिकवत ते कासुमिगाउराला. त्सुचिउराला मुख्यतः वर्ग भरत.

कासुमिगाउरा जुना. १९२१ मध्ये ब्रिटनहून माजी हवाई अधिकारी सेंपिल यांचं सुमारे ३० जणांचं पथक विमानविद्या शिकवायला आलं आणि १९२२ मध्ये इथली हवाई तुकडी रीतसर उभी राहिली. (याच नौदलाच्या विमानांनी १९४१ मध्ये ब्रिटनची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही युद्धनौका बुडवली!) पर्ल हार्बरचा बेत आखणारे यामामोतो १९२४ मध्ये इथे रुजू झाले आणि उपप्रमुख झाले.

त्सुचिउराची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त अस्वस्थ करणारी. तिथे ‘योकारेन’ चाले, म्हणजे भावी वैमानिकांचं पूर्वशिक्षण. मुलं साधारण साडेचौदा ते सतरा वर्षांची. गणित, मोर्स संदेश, कवायत, पोहणं. हा अभ्यासक्रम १९३० मध्ये योकोसुकाला सुरू झाला, तेव्हा ५,८०७ अर्जांतून फक्त ७९ मुलं घेतली होती. १९३९ मध्ये तो कासुमिगाउराला हलवला आणि १९४० मध्ये त्याची स्वतंत्र त्सुचिउरा तुकडी झाली. मधलं हे एक वर्षच निम्म्या गोंधळाचं मूळ. इथून बाहेर पडल्यावर कुठे प्रत्यक्ष उड्डाण. त्यासाठी काही जण पुन्हा शेजारच्या कासुमिगाउरालाच जात.

युद्ध अंगाशी आल्यावर भरतीला धरबंध राहिला नाही. देशभरात नवी केंद्रं निघाली आणि योकारेनमध्ये एकूण सुमारे २,४०,००० मुलं दाखल झाली. तेवढी विमानं होतीच कुठे? लढाईवर गेले सुमारे २४,०००, त्यांतले जवळपास १९,००० मेले. काहींच्या वाट्याला विमानाऐवजी ‘काइतेन’ हा आत बसून चालवायचा आत्मघाती पाणतीर आला. १० जून १९४५ ला, रविवारी, अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी त्सुचिउरावर बाँब टाकले. त्यात अडीचशेहून जास्त प्रशिक्षणार्थी आणि कर्मचारी गेले.

जुन्या फोटोंत केशरी दुपंखी शिकाऊ विमानं, म्हणजे ‘लाल चतुर’ (चतुर हा उडणारा कीटक) या टोपणनावाची, रांगेत उभी असतील तर कासुमिगाउराची शक्यता जास्त. सात पितळी बटणांच्या गणवेशातली पोरं दिसली तर ती योकारेनची. आजच्या पत्त्यांवर मात्र विसंबू नका: कासुमिगाउरा नावाची लष्करी छावणी आता त्सुचिउरा शहरात आहे, आणि त्सुचिउरा नावाची आमीत.