ट्यूब गोठली नाही? मग ती बरोबर आहे
(एन्झाइम घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उन्हाळा लागला की एक फोन हमखास येतो. "सर, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तरी पातळच आहे. खराब आलं का?" नाही. ते पातळच राहायला हवं. ट्यूबमधलं निम्मं द्रावण ग्लिसरॉल असतं, म्हणजे औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीनच, फक्त जास्त शुद्ध. त्यामुळे ते उणे २० अंशालाही गोठत नाही. पाणी गोठताना बर्फाचे खडे होतात, उरलेल्या थेंबात क्षार दाटतात आणि प्रथिनाची घडी मोडते. ते टाळायलाच ग्लिसरॉल. म्हणून ही ट्यूब उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. तिथे ती गोठेल आणि दर वेळी बाहेर काढली की वितळेल.

टॅक पॉलिमरेज, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, आम्ही इथेच, आर्वी तालुक्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत तयार करतो. हे मूळचं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं एन्झाइम. आम्ही त्याचं जनुक असलेले ई. कोलाय जिवाणू वाढवतो, पेशी फोडतो आणि तो रस ७५ अंशांवर तापवतो. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं दूध नासावं तशी फाटून तळाशी बसतात, टॅक मात्र वरच्या द्रावणात शाबूत राहतं. मग शुद्धीकरण, आणि शेवटी एन्झाइम डायलिसिसच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती निम्म्या ग्लिसरॉलच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवतो. रात्रीतून पिशवी आकसते, कारण आतलं पाणी बाहेर जातं. सकाळी ती चपटी पिशवी हातात घेतली की माल तयार झाल्याचं समाधान आजही तेवढंच होतं. डीएनए ठरावीक जागी कापणारी रिस्ट्रिक्शन एन्झाइम आणि तुकडे जोडणारं लायगेज मात्र आम्ही बाहेरून मागवून देतो.

टॅक ९५ अंशांत टिकतं, मग उन्हाचं काय, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. टॅक एखाद्या दिवसाच्या प्रवासात सहसा तगतं. पण टी४ लायगेज ६५ अंशांवर १० मिनिटांत निकामी होतं, ईको-आरआय हे रिस्ट्रिक्शन एन्झाइम त्याच तापमानाला २० मिनिटांत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याहून कितीतरी जास्त तापते. पार्सल घेतलं की आधी प्रयोगशाळा गाठा, चहा नंतर.

आता फ्रीजर, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज घेऊ नका. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच आतून तापतो. आइस्क्रीमला चालतं, एन्झाइमला नाही. आम्हीही सुरुवातीला असाच फ्रीज घेतला होता. तीन महिन्यांत जेलवरचे डीएनएचे पट्टे फिकट होत गेले, आणि आम्ही मात्र प्रायमर (प्रत काढणं जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसलो. साधा डीप फ्रीजर घ्या, ट्यूब दारात न ठेवता आत खोल ठेवा आणि शेजारी थर्मामीटर असू द्या.

लाईन गेली तर झाकण उघडून बघू नका. चार-सहा तासांच्या वर गेली, तर कुल्फीवाल्याची युक्ती कामाला येते. लादीचा बर्फ बारीक फोडा, तीन किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ घाला, थर्माकोलच्या डब्यात हलवा. पारा उणे १८-२० पर्यंत उतरतो. ट्यूबा बंद पिशवीत घालून मधोमध खोचा. वितळलेलं खारं पाणी ओतून देऊ नका, तेही तेवढंच थंड असतं. पारा चढू लागला की बर्फ आणि मीठ दोन्ही वाढवा, नुसता बर्फ नाही.

वापरताना ट्यूब बर्फावर ठेवा. व्होर्टेक्स करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळू नका. बोटाने टिचकी मारा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा. ग्लिसरॉल चिकट असतं, म्हणून पिपेटच्या टिपचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवा. खोल बुडवलं तर टिपच्या बाहेर चिकटून दुप्पट माल जातो आणि महिन्याच्या शेवटी "ट्यूब लवकर संपली" असं वाटतं.

कटिंगच्या २० मायक्रोलिटर रिअ‍ॅक्शनमध्ये एन्झाइम २ मायक्रोलिटरच्या वर घालू नका. ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ईको-आरआय भलत्याच ठिकाणीही कापू लागतं. लॅम्डा या विषाणूच्या डीएनएवर तपासून बघा. ईको-आरआयने सहा तुकडे व्हायला हवेत, त्यातले दोन जेलवर अगदी लगटून दिसतात. सहाच्या वर लहान तुकडे दिसले तर प्रमाण चुकलंय. मोठे, अर्धवट कापलेले राहिले तर एन्झाइम थकलंय किंवा वेळ कमी पडलाय.

लायगेजच्या बफरमधलं एटीपी (त्याला ऊर्जा पुरवणारा रेणू) वारंवार गोठणं-वितळणं सोसत नाही. आल्या दिवशीच त्याचे छोटे छोटे भाग करून ठेवा. तळाशी पांढरं काही दिसलं तर घाबरू नका, मुठीत धरून हलवा, विरघळतं. एन्झाइम मात्र पाण्याने पातळ करून साठवू नका.

एप्रिल ते जून आम्ही पार्सल फक्त सोमवार ते गुरुवार, पहाटेच्या एसटीने पाठवतो, म्हणजे रविवारी ते डेपोत पडून राहत नाही. डबा उघडल्यावर जेल पॅक पूर्ण वितळलेले दिसले तर लगेच फोटो काढून कळवा. टॅक असेल तर फेकू नका, आधी तपासा. लायगेज आम्ही बदलून देऊ.