भुताच्या मानगुटीवरचा ‘एच’

आपण ‘घोस्ट’ म्हणतो, इंग्रज मात्र ‘गोस्ट’ म्हणतात. मग ‘जी’ला चिकटलेला तो ‘एच’ आला कुठून? छापखान्यातून!

विल्यम कॅक्स्टन हा मूळचा इंग्लंडमधल्या केंटचा कापडव्यापारी. आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरात त्याची बरीच वर्षं गेली. तिथे त्याने ट्रॉयच्या कथा फ्रेंचमधून इंग्रजीत आणल्या आणि ओळखीपाळखीचे लोक प्रती मागू लागले. नकला करता करता लेखणी झिजली, हात दुखू लागला, डोळे मंदावले, अशी तक्रार त्याने त्या पुस्तकाच्या शेवटीच केली आहे. उपाय म्हणून त्याने जर्मनीतल्या कोलोनला जाऊन छपाई शिकून घेतली. १४७३च्या सुमारास ते पुस्तक छापून निघालं. म्हणजे इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक इंग्लंडबाहेर जन्मलं! १४७६मध्ये त्याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला.

शिसं, कथील आणि अँटिमनी हे धातू वितळवून छपाईचे खिळे, म्हणजे टाइप, ओतायचे. त्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ लावणार, मग जवसाच्या तेलात काजळी खलून केलेली शाई कातडी गोळ्यांनी त्यावर थापायची. ओळींच्या कडा सारख्या येत नसतील, तर एखाद्या शब्दात अक्षर वाढव, नाहीतर गाळ. स्पेलिंगचा आग्रह होता कुणाला?

पण शब्द कुठला घ्यायचा, हे तर ठरवावंच लागे. १४९०च्या एका प्रस्तावनेत कॅक्स्टन एक किस्सा सांगतो. थेम्सवरून निघालेले व्यापारी वारा पडल्याने केंटच्या किनाऱ्यावर अडकले. एकाने तिथल्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, “मला फ्रेंच येत नाही.” तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! दुसऱ्याने ‘आयरन’ मागितली, तेव्हा तिला उमगलं. दोन्हींचा अर्थ अंडीच. आता छापायचं काय, ‘एग्ज’ की ‘आयरन’, असा कॅक्स्टनचा प्रश्न.

भुताचा ‘एच’ आला तो ब्रुजकडच्या फ्लेमिश भाषेच्या लेखनवळणातून. तिथली सवय सुटली नव्हती. कॅक्स्टनच्या पुस्तकांत ‘गूज’ आणि ‘गोट’ यांनाही असाच ‘एच’ दिसतो. हंसाचा आणि बकरीचा ‘एच’ पुढे गळून पडला. भुताच्या मानगुटीवर बसलेला काही उतरला नाही.