जांभळ्या बॅटरीनं विषाणू मरतो का?

परवा खडेबाजारात एका दुकानदारानं पेनाएवढी जांभळी बॅटरी पुढं केली. "यूव्ही एलईडी हाय सर, व्हायरस मरतंय बघा की!" डबीवर बारीक अक्षरांत ३९५ नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, लिहिलेलं. बॅटरी मी घेतली, पण विषाणूंसाठी नव्हे.

विषाणूंवर जोर चालतो तो अतिनील (यूव्ही) प्रकाशातल्या 'सी' पट्ट्याचा, म्हणजे २०० ते २८० नॅनोमीटरचा. उन्हातला हा पट्टा ओझोन आणि ऑक्सिजन वरच गिळतात. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमधली पाऱ्याची नळी २५४ची असते. नवे एलईडी ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचे, बहुतेक २६५ ते २८०चे.

हेच आकडे का? कोरोनाचा आरएनए, म्हणजे त्याची नक्कल जिच्यावरून निघते ती मूळ प्रत, ही ए, यू, जी, सी या चार रासायनिक 'अक्षरांची' माळ. ही अक्षरं २६०च्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतात. आता दोन 'यू' शेजारी आहेत असं धरा. प्रत्येकाच्या कड्यात दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. २६५चा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सुमारे ४.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन येतो, दुहेरी बंधातला एक सुटतो आणि मोकळे झालेले कार्बन शेजाऱ्याच्या कार्बनला धरतात. चार कार्बनची चौकट तयार होते, सायक्लोब्युटेन. वहीची दोन पानं डिंकानं चिकटावीत तसं. नक्कल उतरवणारं एन्झाइम तिथंच अडतं. वरचं कवच बहुधा शाबूत राहतं, फक्त पुढची पिढी निघत नाही. म्हणून 'मेला' न म्हणता 'निष्क्रिय झाला' म्हणायचं. आपल्या पेशींकडं दुरुस्तीची सोय असते, एकट्या विषाणूकडं नसते.

३९५च्या फोटॉनकडं जेमतेम ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि 'यू' त्याला जवळपास शोषतच नाही. दोर आखूड असेल तर पोहरा शंभरदा सोडला तरी विहिरीचं पाणी लागत नाही.

गंमत म्हणजे ग्रहणात 'वाईट किरण' येतात म्हणून अन्नावर दर्भ ठेवणारेच ही बॅटरी भाजीवर फिरवतात. अहो, ग्रहणात सूर्य झाकला जातो, किरण कमीच होतात!

खरा 'सी' पट्टा डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे आणि कातडी भाजतो. साधी काच त्याला अडवते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात कणांच्या सावलीत विषाणू सुखरूप राहतात, म्हणून आधी गाळणी हवीच. या एलईडींत बरीचशी वीज उष्णतेतच जाते, ही त्यांची अजूनची रड.

माझी बॅटरी खानापूरच्या घरी असते. रात्री दगडी गडग्यावर मारली की फटीतला विंचू हिरवानिळा चमकतो.