रोम टोटल वॉरमधे बाविसावी फॅक्शन का बसत नाही

टोटल वॉर या युद्धाच्या कॉम्प्युटर गेम्सपैकी जुन्यांचं मॉडिंग, म्हणजे चाहत्यांनी गेममधे केलेले बदल, नव्याने सुरू करणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच, की सगळ्या फाईली साध्या टेक्स्टमधे आहेत, नोटपॅडमधे उघडतात, मग आपलं एखादं राज्य घालायला काय जातंय? तर घोडं इथे अडतं की रोम टोटल वॉरमधे 21 आणि मेडिव्हल 2 मधे 31, याच्या वर फॅक्शन्स, म्हणजे गेममधली राज्यं किंवा पक्ष, जातच नाहीत. त्यातही एक बंडखोरांची, ती हलवता येत नाही, म्हणजे आपल्या हातात 20 नि 30 च. (रोमच्या फाईलीत या बंडखोरांचं नाव 'स्लेव्ह' असं आहे, नकाशावरची स्वतंत्र शहरं सगळी याच गुलामांच्या नावावर. असो.)

रोम आला सप्टेंबर 2004 मधे. त्याआधीच्या शोगुन (2000) आणि मेडिव्हल (2002) मधे मोहिमेचा नकाशा पटासारखा सपाट, प्रांतावर सोंगटी ठेवायची की झालं. रोममधे तो पहिल्यांदा थ्रीडी झाला, सैन्य डोंगर-नद्या बघत चालायला लागलं, आणि हे सगळं 256 एमबी रॅमच्या मशीनवर चालवायचं होतं. मग कशाला किती जागा लागणार ते आधीच ठरवून कोडमधे पक्कं करून टाकलं, प्रांत 199, फॅक्शन्स 21, वगैरे. मॉडर लोक याला हार्डकोडेड म्हणतात, म्हणजे टेक्स्ट फाईलीत तुम्ही काहीही लिहा, मुख्य प्रोग्रॅम ऐकणार नाही. काही जण 31 आकडा बघून लगेच 32 बिटचं गणित सांगतात, म्हणजे कॉम्प्युटर 32 बिटांत मोजतो म्हणून मर्यादा तिथेच येते असं, पण ते 21 ला कुठे लागू पडतं? मला तरी दोन्हीकडे कुणीतरी तेव्हाच्या गरजेपुरता आकडा टाकला आणि पुढे गेलं असंच वाटतं.

आता त्या 21 जागा कशा वाटल्या ते बघा, खरी मजा तिथे आहे. एकट्या रोमनेच चार खाल्ल्या, ज्युलिआय, ब्रुटिआय, स्किपिआय ही तीन घराणी आणि वर सिनेट. गेम म्हणून ते छान जमलं होतं, सिनेट कामं देणार, शेवटी यादवी होणार, पण इतिहासाच्या नादाने मॉड बनवणाऱ्यांना ते खटकायचंच, कारण इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात रोम हे एकच प्रजासत्ताक होतं आणि तिकडे बॅक्ट्रिया, साबा या त्या काळच्या राज्यांना नकाशावर जागाच नाही. म्हणून युरोपा बार्बारोरमसारख्या मॉड्सनी तिन्ही घराण्यांचा एकच रोम केला आणि सुटलेले स्लॉट, म्हणजे फॅक्शनच्या जागा, दुसऱ्यांना दिले.

पण स्लॉट म्हणजे नुसती रिकामी खुर्ची नव्हे. रोमन स्लॉटच्या मागे सिनेटची कामं, आपसातली युती, यादवी हे सगळं कोडमधून चिकटलेलं, मेडिव्हल 2 मधे तसंच पोपचं. झेंडा बदलला, नाव बदललं, सैनिक बदलले तरी आतून गेम त्याला जुन्याच नावाने ओळखतो. रोमचा जोडभाग बार्बेरियन इन्व्हेजनने (2005) तर अजून एक खर्च वाढवला, पश्चिम आणि पूर्व रोमन साम्राज्यात बंड झालं की वेगळी फॅक्शन उभी राहावी म्हणून दोन स्लॉट आधीच अडवून ठेवले, बंड होवो न होवो.

मेडिव्हल 2 (नोव्हेंबर 2006) आला तेव्हा 31 हा आकडा बघून लोक खूश झाले होते, कारण मूळ गेममधे खेळता येणारी राज्यं 17 आणि वर पोप, मंगोल, तिमुरी, अॅझ्टेक वगैरे, म्हणजे बऱ्यापैकी जागा शिल्लक. मोठ्या मॉड्सनी ती बघता बघता भरली. आणि मर्यादा ओलांडली तर गेम कारण सांगतो का, तर नाही, 'अनस्पेसिफाइड एरर' असं एक वाक्य दाखवून सरळ डेस्कटॉपवर आणून सोडतो. मग लॉग फाईल चालू करा, शेवटची ओळ वाचा, एक स्वल्पविराम राहिलाय की खरंच जागा संपली हे शोधत बसा.

2009 च्या एम्पायरमधे इंजिनच बदललं. तिथे मराठे थेट खेळता येतात, पण मैसूर किंवा मुघल मुख्य मोहिमेत घ्यायचे तर टेक्स्ट फाईल नाही, मोहिमेची सुरुवातीची स्थिती एका बायनरी फाईलीत बंद, चाहत्यांनी ती उघडायला स्वतःच एडिटर बनवले तेव्हा कुठे आधीपासून असलेली छोटी राज्यं खेळण्याजोगी करता आली. नवीन राज्य घालणं हे त्याहून वेगळंच दुखणं. म्हणजे आकड्याची अडचण जुन्यात होती, पण निदान आतलं सगळं वाचता तरी येत होतं.

रोमची मर्यादा शेवटी सुटली ती फेरल इंटरॅक्टिव्ह कंपनीने काढलेल्या रीमास्टर्ड या नव्या आवृत्तीमधे, एप्रिल 2021 ला, आणि तीही ज्यांच्याकडे सोर्स कोड होता त्यांनीच सोडवली. मेडिव्हल 2 च्या मूळ प्रोग्रॅममधे आकडा आजही 31 च, त्यामुळे नवीन मॉडची चर्चा सुरू झाली की कुठलं राज्य घ्यायचं यापेक्षा कुणाला काढायचं यावरच जास्त भांडणं.