मोटारीतील वातानुकूलन: दोषनिदान आणि दुरुस्ती

मोटारीचा एसी हवा तसा गारवा देत नसेल, तर दोष प्रशीतकाच्या (गारवा निर्माण करणाऱ्या गॅसच्या) चक्रात आहे, हवा खेळवणाऱ्या भागात आहे की विद्युत नियंत्रणात, हे ओळखून तो दूर करण्याचे काम. कारखान्यातूनच एसी बसवून विकलेली पहिली गाडी अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीची, १९४० सालच्या मॉडेलची. ठरवलेले तापमान आपोआप राखणारी यंत्रणा कॅडिलॅकने १९६४ मध्ये आणली. गारवा निर्माण करण्याचे मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. नियंत्रण मात्र बरेच गुंतागुंतीचे झाले आहे.

कंप्रेसर प्रशीतक वायू दाबतो आणि हा वायू तापतो. बंपरमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो. ड्रायरमध्ये त्यातला ओलावा शोषला जातो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. हे चक्र बंदिस्त असते. त्यामुळे गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत होजमधून थोडा झिरपतो तेवढाच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. तरीही ‘गॅस मारून द्या’ हीच बहुतेक गॅरेजांतली पहिली आणि शेवटची दुरुस्ती असते, आणि खरा दोष तसाच राहतो.

निदानाचे मुख्य साधन म्हणजे दोन गेज, म्हणजे दाबमापक: निळा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. आर-१३४ए हा प्रशीतक भरलेली गाडी बंद आणि थंड असेल, तर ३० अंश सेल्सिअसला दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या (दाब मोजण्याचे एकक) थोडे खाली, एकाच आकड्यावर उभे राहतात. मात्र हा आकडा फसवा आहे. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तापमानावरच ठरतो; म्हणून निम्मा गॅस उडून गेलेली गाडीही उभी असताना तंदुरुस्त दिसते. इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर, ब्लोअर पूर्ण आणि दारे उघडी ठेवून पाहिल्यावरच चित्र कळते. निळा साधारण २५ ते ४५ आणि लाल १५० ते २५० पीएसआय असेल तर चक्र ठीक आहे; विदर्भातल्या मे महिन्यात लाल काटा त्याहून वर गेला तरी लगेच बिघाड समजू नये. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही चढलेले असतील तर कंडेन्सर चिखलाने बुजलेला, पंखा बंद, गॅस जादा किंवा आत हवा शिरलेली. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे कंप्रेसर झिजलेला. निळा काटा शून्याखाली जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा त्यात ओलाव्याचा बर्फ झाला आहे.

गेज लावण्याआधी चालकाला चार प्रश्न विचारले तर निम्मे काम होते. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर कंडेन्सरचा पंखा बघावा. तासभर चालल्यावर हवेचा झोत मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरू होतो, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. तापमान सेन्सर तपासावा. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळलेला. पायाखालचा गालिचा ओला झाला तर निचऱ्याची नळी तुंबलेली. झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर काढून उजेडात धरावा. यांपैकी एकाही दोषाचा गॅसशी संबंध नाही.

गळती शोधताना आधी डोळे वापरावेत. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही बाहेर पडते, त्यावर धूळ बसते आणि पाइपच्या जोडावर, कंडेन्सरच्या कोपऱ्यात काळसर चिकट डाग दिसतो. खारी हवा असलेल्या कोकण-गोव्यात कंडेन्सरचे ॲल्युमिनियम लवकर कुजते. डाग सापडला नाही तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात, किंवा चक्रात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याने बघतात. कूलिंग कॉइलची गळती सर्वांत खर्चिक, कारण अनेक गाड्यांत तिच्यासाठी सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

चक्र उघडले की ड्रायर नवा घालावा आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम द्यावा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढावी. दाब वातावरणाच्या पंचविसाव्या हिश्शावर आला की पाणी साधारण ३० अंशांनाच उकळते, म्हणून आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहतो का, हीही एक चाचणीच आहे. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले वजन, लहान गाड्यांत बहुधा ४०० ते ६०० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून तेवढाच गॅस भरावा. कंप्रेसर आतून तुटला असेल तर त्याचा धातूचा चुरा सगळीकडे पसरलेला असतो. पाइप न धुता आणि कंडेन्सर न बदलता नवा बसवला तर तोही टिकत नाही.

जुना गॅस हवेत सोडण्याऐवजी यंत्राने ओढून घ्यावा. आर-१३४एची तापमानवाढ करण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत तो चालत नाही, तिथे मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरतात. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणे हा मात्र निव्वळ आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार.

स्वयंचलित यंत्रणेत गॅस पुरेसा असूनही एका बाजूने गरम हवा येऊ शकते. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल, तर गरम-गार हवेचे मिश्रण करणारी झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटले असावेत. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले, स्कॅनरवर दिसणारे दोषांचे कोडही तारतम्याने वाचावेत: काही गाड्या अंधाऱ्या गॅरेजात सूर्यप्रकाश सेन्सर निकामी असल्याचा कोड दाखवतात, आणि गाडी उन्हात काढली की तो जातो.

विजेवरच्या गाड्यांत कंप्रेसर उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) विजेवर चालतो. त्यात विद्युतरोधक पीओई तेल लागते. नेहमीचे पीएजी तेल मिसळले तर विद्युतरोध घटतो आणि गाडी सुरूच व्हायला नकार देऊ शकते. ही वीज नेणाऱ्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी उच्च दाबाचा वीजपुरवठा तोडून, तो खरोखर तुटल्याची मीटरने खात्री करावी लागते, आणि हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच आहे.